जागचं न हलता

रेजिना डोमान्स्कीची सारी नोकरी एका वाक्यावर निभावली. काउंटरपलीकडचा माणूस कोर्टाचं पाकीट पुढे करून विचारायचा, "अमुक अमुक कंपनी इथेच ना?" आणि रेजिना चष्म्यावरून बघत म्हणायची, "हो, इथेच आहे. द्या." मग ती सही करायची, शिक्का मारायची आणि पाकीट ज्याचं त्याला रवाना व्हायचं.

ती कंपनी अर्थातच तिथे नसायची. ती कुठेतरी ओरेगॉनात बूट शिवत असायची, नाहीतर ओक्लाहोमात तेल काढत असायची. तिच्या मालकाने विल्मिंग्टन शहर फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असायचं. पण तिची नोंद आमच्या डेलावेअर राज्यात असायची, आणि ज्याची नोंद इथे त्याच्या नावाने आलेला दावा घ्यायला इथे कुणीतरी माणूस लागतो. मार्केट स्ट्रीटमागच्या त्या बसक्या इमारतीत हा माणूस म्हणजे रेजिना. हजारो कंपन्यांचा कायद्याचा पत्ता तिच्या टेबलावर होता. एवढे बिऱ्हाडकरू, पण कधी कुणाचा नळ गळला नाही, की गाडी लावण्यावरून कुणाचं भांडण झालं नाही. रेजिना म्हणायची, असे भाडेकरू भाग्यवंताला मिळतात.

आमचं राज्य एवढंसं. दक्षिण सोडून दुसरीकडे गाडी काढली, की हातातली कॉफी गार व्हायच्या आत मेरिलँड नाहीतर पेनसिल्व्हेनिया लागतं. तरी साऱ्या देशाच्या कंपन्या इथे नाव लावायला येत, त्या चॅन्सरी कोर्टामुळे. हे कोर्ट कंपन्यांच्या घरभांडणात मुरलेलं. तिथे ज्यूरी नसते. न्यायाधीश एकटा बसतो, ऐकून घेतो आणि असा निकाल का दिला ते पानंच्या पानं लिहितो. अशा निकालांचा इतका ढीग साठलाय, की आपलं भांडण कुठे जाऊन थांबेल याचा वकिलाला आधीच अंदाज येतो. व्यापाऱ्याला न्यायापेक्षा अंदाज प्यारा असतो.

पुढे या न्यायाधीशांनी काही बड्या मालकांना फैलावर घेतलं. स्वतःच्या सोयीचा व्यवहार करून छोट्या भागधारकांना गुंडाळता येणार नाही, असं ठणकावून सांगितलं. मालक मंडळी बिथरली. तेवढ्यात नेवाडा आणि टेक्सासने हाका मारायला सुरुवात केली, की या आमच्याकडे, आमच्याकडे सोम्यागोम्याला उठून मालकावर दावा ठोकता येत नाही. शिवाय डेलावेअरचा दरवर्षीचा करही वाचतो. मग एकेक कंपनी इथलं नाव काढून तिकडे लावू लागली. कारखाना तिथेच, माणसं तीच, दारावरची पाटीसुद्धा तीच. बदलायचं ते एवढंच, की भांडण झालं तर कुठल्या राज्याच्या कायद्याने सोडवायचं.

रेजिनाच्या ऑफिसात याला एकच शब्द होता, 'हलली'. "ती मिनेसोटाची बिस्किटवाली हलली का गं?" "हलली, गुरुवारीच हलली." बिस्किटं मात्र मिनेसोटात होती तिथेच भाजली जात.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही आणि ते समजावून सांगण्यात रेजिनाला फार गोडी वाटायची. चर्चच्या हॉलमध्ये रविवारी कॉफी घेताना कुणी घाबरून म्हणालं, "पेपरात आलंय, अमकी कंपनी चालली टेक्सासला," की रेजिना कप खाली ठेवायची. "काही जात नाहीये. डोव्हरच्या सरकारी कपाटातली एक फाइल जातेय. खुर्चीसुद्धा हलत नाही." लोकांना हायसं वाटायचं. हेजव्हिल वस्तीतल्या आमच्या पोलिश मंडळींत तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला आवडायचं.

सगळ्यात जास्त वजन होतं ते तिच्या धाकट्या भावाच्या लेखी. कॅझिमिर, म्हणजे कॅझ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचा डबा, त्याची शर्टाची बटणं, पुढे त्याच्या लग्नाचा सूट, सगळं रेजिनाने पाहिलं. ती स्वतः लग्नाशिवाय राहिली आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलायची. कॅझ आता साठीकडे झुकला होता, तरी काही ठरवायचं झालं की म्हणायचा, "थांब, रेजला विचारतो." त्याची बायको मार्लीन शाळेच्या कँटीनमध्ये कामाला होती. तिला या वाक्याची मनापासून चीड होती.

कॅझ जवळच्याच न्यूपोर्टच्या क्विन्बी रबर कारखान्यात होता. पंपांना आणि पाइपांना लागणाऱ्या रबरी कड्या तिथे तापत्या प्रेसमधून काढत. कॅझच्या वाट्याची प्रेस जुनी आणि खोडकर होती. ती सारखी फुसफुसायची, मधेच रुसायची, म्हणून त्याने तिचं नाव 'बाबची' ठेवलं होतं, म्हणजे पोलिशमध्ये आजी. तिला कुठे चापट मारली की ती चालू होते हे एकट्या कॅझला माहीत होतं.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. रविवारच्या प्रार्थनेनंतर कॅझ आणि मार्लीन रेजिनाकडे जेवायला आले. टेबलावर आंबवलेला कोबी, सॉसेज आणि बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या होत्या. कॅझ जेवेना.

"काय झालं? मीठ कमी आहे?" रेजिनाने विचारलं.

"नाही गं. आमची कंपनी टेक्सासला चाललीय. शुक्रवारी सगळ्यांना उभं करून सांगितलं. मे महिन्यात भागधारकांचं मतदान आहे म्हणे."

रेजिना हसली. अगदी मनापासून हसली. "अरे वेड्या, म्हणून तोंड पाडून बसलायस? क्विन्बीचा पत्ता आमच्याकडेच आहे. चेअरमनवर त्याच्याच चुलतभावांनी दावा लावलाय, तो घेतलाय कुणी? मी! त्याने स्वतःच्या मेव्हण्याची कंपनी दामदुपटीने आपल्याच कंपनीच्या गळ्यात मारली. इथल्या न्यायाधीशापुढे आता त्याची धडगत नाही. म्हणजे पुढच्या वेळी तरी असला दावा होऊ नये म्हणून चाललाय टेक्सासला. कागदावर! तुझी बाबची जागची हलायची नाही."

"पण माणसं येऊन प्रेसची मापं घेऊन गेली," मार्लीन म्हणाली.

"विम्याचे असतील."

"विम्याचे लोक पायाचे बोल्टसुद्धा मोजतात?"

"मार्लीन, मी हे रोज बघते गं. आमच्याकडून इतक्या हलल्या. एकीचा तरी कारखाना हलला का?"

मार्लीनने काटा खाली ठेवला. "तुझ्या कंपन्यांना कारखाने असतात हे तू कधी पाहिलंयस का, रेजिना?"

"मार्लीन!" कॅझ म्हणाला.

"बरं, बरं. मी आपली कँटीनमध्ये सूप वाढणारी बाई. मला काय कळतंय."

खरी अडचण जेवणानंतर पुढे आली. बंदरावर क्रेनच्या देखभालीला माणूस हवा होता. कॅझचा जुना मित्र तिथे युनियनमध्ये होता आणि त्याने कॅझचं नाव पुढे केलं होतं. जागा पक्की होती, पण जूनअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. या वयात दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, हे कॅझला ठाऊक होतं. पण नव्या ठिकाणी सगळ्यात शेवटचा माणूस म्हणून उभं राहायचं, थंडीत क्रेनवर चढायचं, आणि बाबचीला दुसऱ्याच्या हाती सोडायचं, हे त्याच्या जिवावर आलं होतं. नाही म्हणायला त्याला एक कारण हवं होतं आणि ते त्याला बहिणीच्या तोंडून ऐकायचं होतं.

"घाई करू नकोस," रेजिना म्हणाली. "मतदान होऊ दे."

मे महिन्यात मतदान झालं. चेअरमनच्या घरच्यांकडेच निम्म्याहून जास्त मतं, तेव्हा ठराव मंजूर व्हायचाच होता. जूनच्या सुरुवातीला क्विन्बीची नोंद टेक्सासला गेली आणि रेजिनाने स्वतःच्या हाताने ते नाव आपल्या यादीतून काढलं. त्याच दुपारी सुट्टीत तिने कॅझला फोन लावला.

"हलली रे तुझी कंपनी! आजपासून तू टेक्सासचा. बूट आणि हॅट घेतलीस का?"

मागे प्रेसचा धडधडाट ऐकू येत होता. "बाबची तर इथेच आहे," कॅझ ओरडून म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं.

"मग! मी काय म्हणत होते?"

तिने फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरची इव्होन तिच्याकडे बघत होती. इव्होन गिब्ज तिच्याच बरोबरीची, शहराच्या ईस्ट साइडची, कमी बोलणारी. "क्विन्बीचा कारखाना न्यूपोर्टला आहे ना गं?" तिने विचारलं.

"आहे की. माझा भाऊच आहे तिथे."

"मग बाहेरची कंपनी म्हणून इथे परत नाव नाही लावलं त्यांनी? आता टेक्सासची कंपनी झाली ना ती. इथे कारखाना चालवायचा तर लावावं लागेल. आणि पत्ता आपलाच देतील ना."

बोलणं साधं होतं. राज्याबाहेरच्या कंपनीला इथे धंदा करायचा तर इथे नोंद लागते, हे रेजिनाला झोपेतही सांगता आलं असतं. पण तिच्या काउंटरवरून ज्या कंपन्या हलत त्यांचं इथे मागे काही उरतच नसे, कारण मुळातच काही नसे. परत नाव लावायला कोण कशाला येईल? तिच्या हाताला त्या कामाची सवयच नव्हती. "येतील," ती म्हणाली. "वकील मंडळी रेंगाळतात." इव्होनने "हं" केलं आणि पुन्हा कामाला लागली.

ते "हं" रेजिनाच्या मनात दिवसभर टोचत राहिलं. परत नाव लावायचं नसेल, तर कारखानाही इथे ठेवायचा नसेल की काय? संध्याकाळी त्याच विचारात ती घर मागे टाकून दोन चौक पुढे गेली, तेव्हा कुठे भानावर आली. तरी तिने चौकशी केली नाही. क्विन्बीच्या वकिलाला एक फोन केला असता तर कळलं असतं. पण फोन करायचा म्हणजे आपल्याला खात्री नाही असं कबूल करायचं, आणि एव्हाना तिने ही खात्री हॉलभर वाटून ठेवली होती.

जून सरता सरता कॅझने शेवटचं विचारलं. तिच्या दारातल्या पायरीवर बसून दोघं बियर पीत होती. "मित्राला उद्या सांगायचंय, रेज. काय सांगू?"

रेजिनाला इव्होनचा प्रश्न आठवला. तिने बाटलीचा कागद नखाने थोडा सोलला. "तुझ्या मनात काय आहे?"

"मला राहायचंय. पण तू म्हणशील तसं."

"मग राहा," ती म्हणाली. "कागदावरचं हलणं कागदापाशी."

दुसऱ्या दिवशी त्याने बंदराला नाही म्हणून कळवलं. आठवडाभरात तिथे दुसरा माणूस लागला.

सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीनंतर क्विन्बीच्या फाटकातून लांबलचक उघडे ट्रेलर आत गेले. चेअरमनने टेक्सासात, वेको गावाबाहेर, नुसतं नाव लावलं नव्हतं, मोठी शेडही घेतली होती. जमीन स्वस्त, वीज स्वस्त, कर माफ. कायदा सोयीचा म्हणून नाव हललं आणि बाकी सगळं सोयीचं म्हणून कारखाना हलला. शुक्रवारी सगळ्यांना उभं करून त्याने जे सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं. विल्मिंग्टनबाहेरच्या कुठल्याही गावात लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला असता आणि त्याच दिवशी नवी नोकरी शोधायला सुरुवात केली असती. आम्ही पडलो जाणकार.

रेजिनाला हे मार्लीनच्या फोनवरून कळलं. "जरा न्यूपोर्टला येतेस का? तुझी फाइल हलतेय. क्रेन लावून हलवतायत."

ती दुपारचं काम टाकून गेली. फाटकापाशी ड्यूटी संपलेली माणसं डबे हातात धरून उभी होती. त्यांतल्या एक-दोघांनी तिला ओळखलं आणि नजर फिरवली. कॅझने त्यांनाही सांगितलं होतं, की माझी बहीण त्याच धंद्यात आहे, घाबरू नका. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं रेजिनाला वाटलं.

कॅझ फाटकाबाहेर नव्हता. तो आत, ट्रेलरवर उभा राहून बाबचीला साखळ्या आवळत होता. ती कुठे धरावी आणि कुठे धरू नये हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यालाच बोलावलं होतं. खाली उतरल्यावर तो तारेच्या कुंपणापाशी आला. त्याच्या कपाळावर ग्रीस लागलं होतं.

"कॅझ, मी..." रेजिनाने सुरुवात केली.

"राहू दे."

"इव्होनने मला विचारलं होतं. तू बंदराला नाही म्हणायच्या आधी. मी पायरीवर तुझ्याशेजारी बसले होते ना, तेव्हा मला शंका होती. मी बोलले नाही."

कॅझने हातातलं फडकं उलटसुलट केलं. त्याला राग आला होता, तो त्याच्या जबड्यात दिसत होता. "मला तेच ऐकायचं होतं गं," तो अखेर म्हणाला. "तू काही वेगळं बोलली असतीस तर मी मार्लीनचंही ऐकलं असतं आणि तुझंही. पण मला तेच ऐकायचं होतं." मग त्याने ट्रेलरकडे बोट केलं. "ते म्हणतात, तिच्याबरोबर चल. तिकडच्या पोरांना तिची सवय होईपर्यंत. मग पुढचं बघू."

"जाणार?"

"दुसरं काय आहे?"

रेजिनाला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

निघायच्या आदल्या दिवशी कॅझ आणि मार्लीन निरोप घ्यायला आले. घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. मार्लीन दारातच उभी राहिली. ती रेजिनाशी नीट बोलली, पण आत आली नाही. कॅझने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि कान खाजवत म्हणाला, "एक काम आहे. तिकडे अजून पत्त्याचा पत्ता नाही. आणि मला मतदान इथेच ठेवायचंय, चर्चमध्ये नावही इथेच. माझा पत्ता तुझ्याकडचा लावू का?"

"माझ्याकडे?"

"तुझा धंदाच आहे की तो." तो हसला. त्या हसण्यात टोमणा होता आणि नव्हताही. "आलं काही तर घे. आणि कळव."

त्याने तसं सगळीकडे कळवलं. डाव्या बाजूच्या खोलीत, जिथे तो लहानपणी झोपायचा, तिथल्या खणात रेजिना त्याची पाकिटं ठेवू लागली. बँकेची, युनियनची, दातांच्या डॉक्टरची. रविवारी दोघं फोनवर बोलत. बाबची तिकडच्या उन्हात नीट चालत नव्हती, तेव्हा कॅझचं काम लांबत गेलं. ख्रिसमस आला तसा गेला. मार्लीनला तिथल्या एका शाळेत कँटीनचं काम मिळालं. परत यायची भाषा आधी महिन्यांची होती, मग उन्हाळ्याची झाली, मग कुणी काढेनासं झालं.

पुढच्या वर्षी रेजिना निवृत्त झाली. ऑफिसने केक कापला. इव्होनने तिला मिठी मारली आणि दोघींपैकी कुणीही क्विन्बीचं नाव काढलं नाही.

एका शनिवारी सकाळी ती स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या खिम्याच्या वड्या परतत असताना दाराची घंटा वाजली. पोस्टमन नवा होता, गल्लीतली माणसं त्याला माहीत नव्हती. त्याच्या हातात सहीचं पाकीट होतं.

"कॅझिमिर डोमान्स्की इथेच राहतात?"

"हो, इथेच आहे," रेजिना म्हणाली. "द्या."

सही करून तिने दार लावलं. परतत टाकलेलं एका बाजूने करपलं होतं. तिने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहून कॅझला फोन लावला. तिकडे तो कामावर होता. मागे तीच ओळखीची फुसफुस ऐकू येत होती.

"पाकीट आलंय तुझं. सहीचं."

"उघड, वाच. घाबरण्यासारखं नसेल काही." मग त्याने विचारलं, "नवा पोस्टमन का? जुना विचारायचा नाही."

"हो, नवा आहे. तू इथे राहतोस का, विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, इथेच आहे."

कॅझ हसला. "म्हणजे खोटं बोललीस की, रेज."

"कायद्याने नाही," रेजिना म्हणाली, आणि तिने पाकीट फोडायला घेतलं.